प्लास्टरमधली कळलावी

माझे भावोजी आयुष्यभर लोकांचे दात बनवत आले. ते डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माणसाच्या तोंडात बघतो, भावोजी तोंडाच्या ठशात बघायचे. दवाखान्यातून हिरड्यांचा ठसा यायचा, त्यात ते प्लास्टर ओतायचे, त्यातून निघालेल्या साच्यावर मेण लावून एकेक दात बसवायचे आणि काही दिवसांनी कवळी तयार व्हायची. ती ज्याच्या तोंडात जाणार त्याला त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं. तरी सांगायचे, हा गृहस्थ एकाच बाजूने चावतो, ही बाई झोपेत दात खाते. "माणूस डॉक्टरला काहीही सांगेल," ते म्हणायचे. "ठसा खोटं बोलत नाही."

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, ते त्यांच्या आधीच म्हणून टाकायची.

त्यांची लॅब एका इमारतीच्या तळघरात होती. दोन टेबलं, एक वाकडा दिवा, मेण वितळवायची शेगडी, कानशींचा ट्रे. सगळ्या वस्तूंवर प्लास्टरची पांढरी भुकटी. दिवसभर गुलाबी हिरड्या आणि पिवळट दात बघितल्यावर माणसाला दुसरे रंग हवेसे वाटत असतील, असा मी आपला तर्क केला होता. कारण घरी आले की भावोजी हातपाय धुऊन तडक गच्चीवर जायचे. तिथे त्यांच्या कळलावीच्या कुंड्या होत्या.

कळलावी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा चढणारा वेल आहे. त्याच्या पानांची टोकंच स्प्रिंगसारखी वळतात आणि जे सापडेल त्याला धरून वर जातात. फूल उलटं, पाकळ्या मागे फिरलेल्या, कडा नागमोडी. आधी पिवळं, मग केशरी, मग लाल. जमिनीखाली कंद असतो, दोन भुजांचा, मोडक्या चिमट्यासारखा. प्रत्येक भुजेच्या टोकाला एकच डोळा. ते टोक काचेसारखं ठिसूळ. मोडलं की ती भुजा आंधळी झाली, कितीही पाणी घाला, ती उगवत नाही. आणि हा कंद विषारी. म्हणून ताईचा नियम होता: कंदाला हात लावला की साबणाने तीनदा हात धुवायचे, त्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. "या घरात दोनच गोष्टी कुलपात असतात," ती पाहुण्यांना सांगायची. "औषधं आणि माझ्या सवती."

या सवती भावोजींनी विकत घेतलेल्या नव्हत्या. ते बी गोळा करायचे. रेल्वेच्या कुंपणावर, कोणाच्या फाटकावर, बंद पडलेल्या कारखान्याच्या तारेवर वेल दिसला की ते जागा लक्षात ठेवायचे आणि शेंगा वाळायच्या सुमारास पुन्हा जायचे. एकदा मी सोबत होतो. एका बंगल्याच्या कुंपणाशी ते वाकले आणि आतून एक म्हातारे गृहस्थ आले.

"काय चाललंय?"

"बी घेऊ का थोडं? तुमच्या वेलाचं."

"कसलं बी? ते रान आहे. काढायला माणूस सांगितलाय मी."

"काढू नका," भावोजी म्हणाले, "किंवा काढा, पण आठवडाभर थांबा. शेंग अजून हिरवी आहे."

म्हातारबुवांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे बरे आहेत ना?" मी म्हटलं, माझ्या बहिणीचा नवरा आहे, तिलाच विचारावं लागेल. पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांनी शेंगा स्वतः कागदात बांधून ठेवल्या होत्या.

बियांपासून कळलावी करणं म्हणजे धीराची परीक्षा. लाल टपोरी बी वाळवायची, कवच कानशीने एका जागी अलगद घासायचं, भिजवायची, पेरायची. मग महिनोन्‌महिने काही नाही. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं पान येतं आणि वाळून जातं. खाली वाटाण्याएवढा कंद राहतो. दुसऱ्या वर्षी जरा मोठा. फूल तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी. त्या काळात कुंडीत नुसती माती दिसते आणि घरातले लोक विचारतात, यात काय आहे. भावोजींचं उत्तर ठरलेलं, "अजून काही नाही."

बी साठवण्यासाठी त्यांची एक युक्ती होती, लॅबमधून आणलेली. प्लास्टरची पूड भट्टीत खरपूस तापवायची, तिची लहान पुरचुंडी बियांच्या बरणीत टाकायची. ती हवेतला ओलावा ओढून घेते, बी वर्षानुवर्षं कोरडं राहतं. ही पुरचुंडी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

एका वर्षी एका रोपाला पहिलं फूल आलं आणि ते लाल झालंच नाही. हिरवट पांढरं उमललं आणि गळेपर्यंत तसंच राहिलं. भावोजींनी दातांच्या रंगाची पट्टी आणली, ज्यावर वेगवेगळ्या छटांचे नमुन्याचे दात लावलेले असतात, आणि एकेक दात पाकळीजवळ धरून बघितला. एक तंतोतंत जुळला. ताईने मान डोलावली. "माणसांना दात लावून झाले, आता फुलांना."

ते हसले नाहीत. पट्टी खाली ठेवून ते बराच वेळ त्या फुलाकडे बघत उभे राहिले. मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही नको होतं. पण रोप अशक्त होतं. दर वर्षी कंदाची एकच भुजा धड निघायची, दुसरी सुकलेली. म्हणजे रोप एकच राहायचं. एकाचे दोन व्हावेत, किंवा त्याला बी धरावं, एवढीच त्यांची इच्छा. बी आपोआप धरत नाही. या फुलात बी धरणारी काडी देठापाशीच काटकोनात वळून परागापासून लांब जाते. ब्रशने पराग उचलून तिच्या टोकाला लावावा लागतो. हलक्या हाताचं काम. भावोजींच्या हातांसाठी ते काहीच नव्हतं.

मग ते हात कापायला लागले.

आधी कोणाला कळलं नाही. ते चहा अर्धा कपच मागू लागले, तेव्हा ताईला वाटलं पित्त झालं असेल. मग घरात त्यांचं नावच पडलं, अर्धा कप. लॅब त्यांनी अचानक सोडली. "आता सगळं मशिनवर निघतं, माझं काय काम," म्हणाले. आम्हाला पटलं. शर्टाची बटणं जाऊन डोक्यावरून घालायचा बिनबटणांचा ढगळ सदरा आला, तेही आम्हाला पटलं. मग ते जिन्यात पडले. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, चालायला लावलं, रोगाचं नाव सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. हा रोग बरा होत नाही, सावकाश वाढतो. भावोजी बाहेर येऊन म्हणाले, "थोडा कंप आहे. बारीक कामाला काही होत नाही." आम्ही मान हलवली. ज्याच्या हातांचा घरादाराला अभिमान, त्याच्या हातांबद्दल कोण विचारणार.

त्या वर्षी फिकट वेलाला दोन फुलं आली होती. भावोजी ब्रश घेऊन गच्चीवर गेले आणि दार लावून घेतलं. नंतर म्हणाले, "बी धरलं नाही. होतं असं कधीकधी."

जिने नकोत म्हणून ताईने तळमजल्यावरचं घर घेतलं. लहान, पण मागे हातभर अंगण. निघायच्या सुमारास वेल वाळून गेले होते, कंद उकरायची वेळ होती. बाकीचे कंद नेहमीसारखे खोक्यांत, कोरड्या वाळूत गेले. फिकट वेलाचा कंद त्यांनी एकट्याने उकरला. या वेळी पहिल्यांदाच दोन्ही भुजा भरलेल्या निघाल्या. मला फोन करून त्यांनी सांगितलं, "हिशेबनीस, दोन आहेत." माझं काम हिशेबाचं, म्हणून मी त्यांच्यासाठी हिशेबनीस. त्यांचा आवाज इतका हलका मी फार दिवसांनी ऐकला होता.

या कंदाला त्यांनी वाळू वापरली नाही. वाळू दमट होते, गेल्या खेपेला भुजेला डाग पडला होता. बियांना इतकी वर्षं जे मानवलं ते कंदालाही मानवेल असा त्यांनी विचार केला. लॅब सोडताना आणलेली प्लास्टरची पिशवी घरात होतीच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, कंदाला श्वास हवा म्हणून तळाला खिळ्याने भोकं पाडली, कंद मधोमध ठेवला आणि वरून कोरडं प्लास्टर ओतलं. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं. ज्याने जन्मभर प्लास्टर हाताळलं त्यालाच सुचावं आणि त्यानेच एक गोष्ट विसरावी.

नव्या घरात पडदे लावायला मी गेलो होतो. भावोजी डबा शोधत होते. तो धुण्याच्या जागेत सापडला, मशिनच्या मागे, सावलीत. पाइपच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं आणि लादी ओली होती. भावोजींनी डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग बोटाच्या पेराने त्याच्या बाजूवर टकटक केली, कान लावला. पुन्हा टकटक केली. प्लास्टर जमलं की नाही हे तो माणूस आवाजावरून सांगू शकत होता.

"इथे कोणी ठेवला?" त्यांनी विचारलं.

"मी," ताई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, ऊन लागायला नको."

त्यांनी झाकण उघडलं. वरची पूड अजून भुसभुशीत होती, बोट दोन पेरं आत गेलं आणि अडलं. खाली दगड. तळाच्या भोकांतून ओल चढून प्लास्टर जमलं होतं. ते मोरीत स्टूलवर बसले आणि डबा मांडीवर घेऊन बसूनच राहिले.

दोन दिवसांनी ताईचा ऑफिसात फोन. तिने कधी ऑफिसात फोन केलेला नव्हता. "धाकट्या, येतोस का? हे जेवत नाहीत. बोलत नाहीत. मी पाया पडले असते रे, पण पाया पडून प्लास्टर विरघळतं का?" मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

भावोजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर जाड कागद अंथरून त्यावर डबा ठेवलेला. शेजारी त्यांची हत्यारं ओळीने मांडलेली: कात्री, लहान करवत, चाकू, छिन्नी, मऊ ब्रश. ताई म्हणाली, दोन दिवस हे असंच आहे. मांडतात आणि बसतात. हात खिशात.

"सुरू करू या ना," मी म्हटलं.

"करू," ते म्हणाले आणि हात बाहेर काढले नाहीत.

तेव्हा मला कळलं. ताईलाही त्याच क्षणी कळलं असावं. तिने चष्मा लावला, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि कात्री उचलली.

"काय करायचं सांगा."

"तुला जमणार नाही."

"तुम्हाला जमणारे का?"

त्यांनी तिच्या हातातल्या कात्रीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "आधी पत्रा काप. वरून खाली."

तिने पत्रा कापला, मी तो उलगडून बाजूला केला. पांढरा ठोकळा उरला, डब्यावरची उठावाची अक्षरं त्याच्या अंगावर उलटी उमटलेली. भावोजींनी टेबलावर वाकून तो सगळीकडून पाहिला.

"प्लास्टर कापायचं नसतं. त्याला फुटायला लावायचं. इथून करवतीने खाच पाड, चहूबाजूंनी. खोल नको. थांब. खोल नको म्हटलं ना."

"किती खोल ते तरी सांगा."

"नखाएवढी."

"तुमच्या की माझ्या?"

मी हसलो. ते दोघं हसले नाहीत. ताईच्या कपाळावर घाम आला होता. जो माणूस तिला कुंडीलासुद्धा हात लावू द्यायचा नाही, तो आता तिच्या मनगटाकडे असा बघत होता जसं ते त्याचंच आहे आणि ऐकत नाहीये. खाच पुरी झाली. छिन्नी तिच्यात टेकवून तिने हलके ठोके दिले, फिरत फिरत, ते सांगतील तिथे. चौथ्या की पाचव्या फेरीला कचकन आवाज आला आणि ठोकळ्याचे दोन तुकडे झाले.

एका तुकड्यात कंदाची एक भुजा उघडी पडली होती, तपकिरी, धड. दुसरी अजून प्लास्टरच्या आत. ताईने उघड्या भुजेवरून ब्रश फिरवला. तिचं टोक बोथट होतं.

"मोडलं," ती म्हणाली. "मी मोडलं."

ताई दुसऱ्या तुकड्यात मोडलेलं टोक शोधू लागली, चिकटून बसलं असेल तर. त्यात भुजेचा आकार उमटलेला होता, एखाद्या दाताच्या साच्यासारखा स्वच्छ, सालीवरच्या बारीक रेषांसकट. तिने तो उजेडाकडे धरला. मग बोट त्या खळग्यातून शेवटपर्यंत नेलं. आणि पुन्हा नेलं.

"धाकट्या, हे बघ."

मी पाहिलं. खळगाही बोथटच संपत होता. आत टोक नव्हतं, टोकाची जागाही नव्हती. प्लास्टर जमलं तेव्हा ती भुजा आधीच मोडलेली होती.

ठशाबद्दलचं ते घरातलं वाक्य त्या वेळी कोणीच म्हटलं नाही.

"उकरतानाच गेलं," भावोजी म्हणाले. ते टेबलाकडे बघत होते. "तुला फोन करून झाल्यावर. हातात घेतला होता, हात उडाला. टोक कुंडीच्या काठाला लागलं."

"आणि फुलांच्या वेळी?" ताईने विचारलं. "बी धरलं नाही म्हणालात."

"ब्रशने काडी मोडली. दोन्ही फुलांची."

"दोन दिवस तुम्ही मला तसंच समजू दिलंत," ती म्हणाली. "मला वाटत होतं मी डबा तिथे ठेवला म्हणून सगळं गेलं. मी त्या पाइपवाल्याला काय काय बोलले माहितेय?"

"माहितेय. ऐकत होतो."

"मग?"

त्यांनी खिशातून दोन्ही हात काढून टेबलावर ठेवले. आम्ही पहिल्यांदाच ते असे पाहिले. बोटं टेबलावर टकटक करत होती, त्यांच्या मनात नसताना. हत्यारं त्या हादऱ्याने किणकिणत होती. "हे कोणाला दाखवू," ते म्हणाले. "याच्यावर माझं सगळं होतं. मला वाटलं डब्यात बंद केलं की मी पण विसरेन."

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं ती उठून आत जाईल. तिने ब्रश खाली ठेवला आणि छिन्नी उचलली.

"दुसरी भुजा कुठल्या बाजूने आहे?"

"डावीकडे वळलेली. टोक वर आहे."

"सांगा."

संध्याकाळपर्यंत ते काम चाललं. शेवटचा भाग तिने छिन्नीऐवजी केसातल्या पिनेने कोरला, ओल्या कापसाने थोडं थोडं भिजवून. टोक अखंड निघालं, तांदळाच्या दाण्याएवढं. भावोजींनी सवयीने हात पुढे केला. ताईने कंद दिला नाही. "तुम्ही बघा नुसतं." त्यांनी हात मागे घेतला. मग टेबलावर हनुवटी टेकून, श्वास रोखून बघितलं. भुजेच्या मुळाशी एक गडद, ओलसर वळ होता. प्लास्टर जमताना तापतं. ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत.

कंद कुंडीत गेला. पुरायचं काम ताईने केलं. नंतर दोघांनी मोरीत उभं राहून तीनदा हात धुतले, ज्याने हात लावला नव्हता त्यानेही.

उगवायचे दिवस आले. वाळूतले कंद वर आले, अंगणाच्या तारेवर चढले, लाल फुलांनी भरले. फिकट वेलाच्या कुंडीत काही नव्हतं. एका रविवारी भावोजी म्हणाले, उकर. ताईने उकरलं. बोट लावताच कंद दबला, आतून पाण्यासारखा झाला होता. त्यांनी तो हातावर मागून घेतला, थरथरत्या हातावर तो जरा वेळ राहिला, मग गळून पडला. जेवताना ते मला म्हणाले, "आता संपलं, हिशेबनीस." मीठ मागावं इतक्या सरळ सुरात. जेवण झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले ते दुसऱ्या दिवशीही उठेनात. गोळ्यासुद्धा घेतल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ताईने माळ्यावरून एक बरणी काढली. पुरचुंडीवाली. ज्या शेंगेतून फिकट रोप निघालं होतं, त्याच शेंगेतलं उरलेलं बी तिच्यात होतं. तिने बरणी त्यांच्या उशाशी आपटली.

"त्यातून ती निघेलच असं नाही," ते भिंतीकडेच बघत म्हणाले. "त्या शेंगेतून एकच तशी निघाली. बाकी सगळी लाल."

"नाही निघाली तर नाही निघाली."

"मला चालणार नाही. आणि निघाली तरी चार वर्षं. तोवर मी घास तोंडात घालू शकेन का?"

"तोंड चालेल ना तुमचं? मला तेवढंच लागतं. कानशी कुठे आहेत?"

ते उठले नाहीत. ती स्वयंपाकघराबाहेर बसून बी घासू लागली. खरखर आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "इतकं जोरात नाही. आतला गर दिसला की बी मेलं."

तिने आणखी जोरात घासलं. ते उठून बाहेर आले.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. बी पेरलेला ट्रे अंगणात भिंतीला लागून आहे. काल मी गेलो तर ताई बाजारात गेली होती. भावोजी खुर्चीत बसले होते, अर्धा कप चहा मांडीवरच्या फडक्यावर सांडलेला. बोलणं आता जरा घोगरं झालंय. पायही नीट उचलत नाहीत.

"अंगणात जाऊन ये," ते म्हणाले. "बघ काही आहे का. ती पाणी जास्त घालते, मला सांगत नाही."

मी जाऊन वाकून पाहिलं. सपाट, काळी, ओली माती. परत येऊन म्हटलं, "अजून काही नाही."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"कडेला बघितलंस? कडेची आधी येतात. कडा तापतात ना."

मी पुन्हा गेलो.